क्लॅरी पेंगेलीची काडतुसं

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कूराबिटमध्ये घरटी एक आजोबांची दुनळी बंदूक आहे, आणि प्रत्येक घराला वाटतं की आपलीच सगळ्यांत भारी. सोन्याच्या नादाने आलेल्या माणसांनी त्या बर्मिंगहॅमहून आणल्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन एकमेकींत ठोकून त्यांच्या नळ्या घडवलेल्या, त्यामुळे नळीभर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी. दिसायला देखणी, पण नाजूक. दुकानातलं आजचं काडतूस त्यात घालायचं नाही. ते लांबीला जास्त असतं आणि त्यातली बिनधुराची दारू जुन्या नळीला झेपत नाही. म्हणजे बंदूक भिंतीवर टांगा, नाहीतर क्लॅरी पेंगेलीकडे जा.

क्लॅरी माझा शेजारी. म्हणजे मधे सव्वा मैल कुरण, पण शेजारीच. तो गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याचा माणूस होता. डिसेंबरात ट्रकांची रांग लागायची, क्लॅरी काट्याच्या खोलीतून चिठ्ठी बाहेर सरकवायचा आणि शेतकरी ती न बघता खिशात घालायचे. एकतीस वर्षं. आमच्याकडे लोक बायकोच्या शब्दावरही इतका विश्वास ठेवत नाहीत.

काडतुसं भरण्याचं काम तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करायचा. तुम्ही बंदूक घेऊन गेलात की आधी नळ्या सुट्या करून दोरीला टांगायचा आणि ईनाच्या लाकडी चमच्याने त्यांवर टकटक करायचा. ईना म्हणजे त्याची बायको; तिचे सगळे चमचे शेडमध्ये. नळी घंटेसारखी खणखणली तर ठीक. बद्द आवाज आला तर तुम्ही राणीचे भाऊ असलात तरी तुम्हाला काडतूस मिळणार नाही. मग तो डागडुजी केलेली कागदी टरफलं काढायचा, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायचा, पितळी मापाने काळी दारू भरायचा, वर पुठ्ठा, त्यावर नमद्याची चकती, मग छर्रे, आणि शेवटी एक पातळ पुठ्ठ्याची चकती ठेवून हातयंत्राने कागदाची कड आत वळवायचा. त्या शेवटच्या चकतीवर पेन्सिलीने लिहायचा: दारू किती ड्रॅम, म्हणजे त्या जुन्या मापाने किती, छर्रे किती, आणि बंदूक कोणाची. रॅटिगनच्या बंदुकीसाठी भरलेलं काडतूस माझ्या नवऱ्याला दिलेलं त्याला खपायचं नाही.

आणखी एक नियम होता. चकतीवर लिहिलेलं नसेल, किंवा कोणाच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडलं असेल, असं काडतूस त्याच्या हाती लागलं की तो ते त्याच दिवशी कापायचा. छर्रे एका डब्यात, टोपी तेलात, आणि दारू अंगणातल्या एका फरशीवर ओतून काडी लावायची. "पोटात काय आहे ते ठाऊक नसलेलं काडतूस मी घरात ठेवत नाही," म्हणायचा. "उद्या मी मेलो आणि कोणी ते उचलून बंदुकीत घातलं तर?"

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. बोलायला चिक्कू, आणि बोलला की शिकवणी. काडतुसं न्यायला गेलेल्या माणसाला बंदूक साफ कशी करायची हे दरवर्षी ऐकावं लागायचं. लोक त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचे, मीही केली आहे. पण दर जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या सोमवारी, आमच्या क्लबात जुन्या बंदुकांची नेमबाजी असायची, आणि त्या दिवशी मैदानावर जेवढी काडतुसं उडायची ती सगळी क्लॅरीची. माणशी पंचवीस. एक जास्त नाही.

क्लबाचा अध्यक्ष गॉर्डन मॅकफी. चार हजार एकर जमीन, मेंढ्या, गहू, चर्चला नवीन छप्पर त्याच्याच खर्चाने. माझा नवरा रॉस त्याच्याकडे ट्रॅक्टरवर होता आणि आम्ही राहत होतो ते घर त्याचं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याचं सगळं मूळ तिथे आहे. गॉर्डन वाईट माणूस नव्हता. रॉस आजारी पडला तेव्हा दीड महिना त्याने पगार चालू ठेवला होता. त्याला फक्त एक गोष्ट सहन व्हायची नाही, लोक आपल्याला हसले तर.

१९७४च्या जूनमध्ये त्या सोमवारी मी टेबलाशी बसून गुण मांडत होते, क्लबाची चिटणीस म्हणून. थंडी कडक होती, साठ एक माणसं जमली होती. काळ्या दारूचा पांढरा धूर प्रत्येक बारानंतर असा दाट उठायचा की हवेत उडवलेली मातीची तबकडी फुटली की नाही हे बघायला नेमबाजाला वाकून बघावं लागायचं, आणि बाकीचे त्याला चिडवायचे. तिसऱ्या फेरीत गॉर्डनचा नंबर आला. आजोबांची बंदूक खांद्याला लावली, "सोडा" म्हणाला, तबकडी उडाली आणि त्याने चाप ओढला.

आवाज वेगळाच होता. कोरडा आणि मोठा. उजवी नळी डाव्या हाताखाली फाटली आणि गॉर्डन गुडघ्यावर बसला. हाताकडे बघत होता, पण तिथे बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. दोन बोटं गेली होती आणि तिसरं लोंबत होतं. मला त्या घाईतही एवढं जाणवलं की धूर जवळजवळ झालाच नाही. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

सगळ्यांत आधी क्लॅरी पोचला. त्याने गळ्यातला मफलर काढून गॉर्डनच्या मनगटावर आवळला, कोणाला तरी गाडी आणायला सांगितलं, आणि मग बंदुका जाणणारा कोणीही माणूस पहिली करील ती गोष्ट केली. बंदूक उघडली, डाव्या नळीतलं न उडालेलं काडतूस बाहेर काढलं. ते त्याने बघितलं, आणि खिशात टाकलं. हे साठ जणांनी पाहिलं.

त्याची टोपी मैदानावर राहिली होती ती द्यायला मी दुपारी त्याच्या घरी गेले. ईना आणि तो अंगणात उभे होते. फरशीवर करड्या रंगाच्या बारीक कपच्यांचा ढीग होता.

"मॅव्हिस, इकडे ये," क्लॅरी म्हणाला. "ही बघ चकती. यावर काय लिहिलंय?"

चकती कोरी होती.

"माझं एक काडतूस दाखव ज्यावर लिहिलेलं नाही. आणि आता हे बघ."

त्याने काडी लावली. काळी दारू कशी जळते हे आमच्याकडच्या कोणालाही माहीत आहे. भस्सकन एकदाच उठते आणि अंगण धुराने भरतं. ही तशी नाही जळली. पिवळी ज्योत धरून, सुस्तपणे, चुलीत कागद जळावा तशी जळत राहिली. धूर नाही. फरशी जवळजवळ स्वच्छ.

"बिनधुराची," क्लॅरी म्हणाला. "काट्यावर टाकून बघितली. पाहिजे त्याच्या दुप्पट. कोणीतरी काळ्या दारूच्या मापाने ही भरलीय. तीन ड्रॅम म्हणजे तीन ड्रॅम, असं समजून. वरून बघितलं तर माझंच काडतूस वाटतं, टरफलं माझीच आहेत."

"कोणी भरलीय?" मी विचारलं.

त्याने चकती ईनाच्या हातात दिली. पण गॉर्डनच्या बंदुकीत सापडलेलं टरफल गॉर्डनने नेलेल्या पंचवीसांतलंच असणार.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये गेला आणि परत येताना आमच्याकडे चहाला थांबला. रॉस शेतावर होता. क्लॅरीने मला सगळं सांगितलं. गॉर्डनने त्याची पंचवीस काडतुसं आदल्या आठवड्यात घरीच सराव करताना उडवून टाकली होती. आणखी मागितली असती तर क्लॅरीचं व्याख्यान ऐकावं लागलं असतं. म्हणून कुठल्याशा शेताच्या लिलावात घेतलेलं जुनं पितळी माप त्याने काढलं, दुकानातून नव्या दारूचा डबा आणला, आणि रिकामी टरफलं स्वतःच भरली. दुकानच्या काडतुसांच्या खोक्यावर 'तीन ड्रॅम' लिहिलेलं असतं ना, मग मापही तीन ड्रॅमचं. ते तीन ड्रॅम म्हणजे तीन ड्रॅम काळ्या दारूइतका जोर, नव्या दारूचं तेवढं माप नव्हे, हे क्लॅरीने त्याला निदान चारदा सांगितलं असेल.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"रडला. म्हणाला, क्लॅरी, मी सांगतो सगळ्यांना, पण तीन आठवड्यांनी मला सोडतील, तोवर थांब, घरी येऊ दे. इथे पलंगावर पडून मला गाढव ठरवू नकोस. माझ्या तोंडाने मला सांगू दे."

"आणि तू?"

"बरं म्हणालो. हात त्याचा गेलाय मॅव्हिस. सांगण्याचा मान त्याचा."

"तोवर लोक काय म्हणतील?"

"तीन आठवड्यांत कोणी काय म्हणणार," क्लॅरी म्हणाला, आणि दुसरं बिस्किट घेतलं.

तीन आठवड्यांत आमच्या गावाने एखाद्याचं आयुष्य शिवून उसवलं असतं. पहिल्या आठवड्यात लोक हळहळले: क्लॅरीचं वय झालं, नजर गेली असेल. दुसऱ्या आठवड्यात पोलीस शिपाई आला. डाव्या नळीतलं काडतूस कुठे आहे म्हणाला. क्लॅरीने सांगितलं, कापलं, दारू जाळली. "का जाळली?" शिपायाने विचारलं. "अनोळखी काडतूस मी ठेवत नाही," क्लॅरी म्हणाला. शिपाई शहरातून नवा आलेला, त्याला हा काय नियम ते कसं कळणार. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. संध्याकाळपर्यंत पबात बातमी होती की पेंगेलीने पुरावा जाळला. तिसऱ्या आठवड्यात पोरं त्याला धडाकेभाऊ म्हणायला लागली.

मी ईनाला म्हटलं, "अगं, निदान ती चकती तरी दाखव ना लोकांना."

"कोरी चकती?" ईना म्हणाली. "शेडमध्ये अशा पाचशे आहेत. कोणीही म्हणेल त्यातली एक उचलली."

तिचं खरं होतं. चाळीस वर्षं ज्या नियमाने त्याने आमचे हात शाबूत ठेवले, त्याच नियमाने त्याने स्वतःची एकमेव साक्ष फरशीवर ओतून काडी लावली होती. दुसरी साक्ष मी होते. ईना बायको, तिचं कोण धरणार.

जुलैत क्लबाची सभा झाली, शनिवारी दुपारी, हॉलमध्ये. बायकांनी केक आणले होते. गॉर्डन आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. डावा हात गळ्यात बांधलेला, तोंड उतरलेलं. तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, शेजारी मी वही उघडून. क्लॅरी तिसऱ्या रांगेत, हातात टोपी.

कॉल रॅटिगन उभा राहिला. कॉल बडबड्या आणि बिनडोक, पण त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला खरंच भीती वाटली होती. म्हणाला, "कोणाला दुखवायचं नाहीये. पण घरी भरलेली काडतुसं यापुढे क्लबात नकोत, असा ठराव मांडतो. माणसाचा हात एकदा चळला की पुन्हा चळतो. क्लॅरी, वाईट वाटून घेऊ नकोस हं."

"मला वाईट वाटून घ्यायचं की नाही ते जरा थांबून ठरवतो," क्लॅरी म्हणाला. काही जण हसले. मग तो अध्यक्षाकडे वळला. "गॉर्डन, तुला काही सांगायचंय का?"

गॉर्डनने समोरच्या कागदाकडे बघितलं. मी त्याच्या इतकी जवळ होते की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो आता सांगेल, आता सांगेल, असं मी धरून बसले होते. मी त्याच्यावर सोपवून मोकळी झाले होते, हे जास्त खरं.

"मला एवढंच सांगायचंय," गॉर्डन म्हणाला, "की माझ्या मनात कोणाबद्दल राग नाही. अपघात होतात. हा विषय इथे संपवू या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं कोणीतरी मागून म्हणालं.

क्लॅरीने एकदाच माझ्याकडे बघितलं. मागणं नव्हतं त्यात, राग नव्हता. मी तिथे आहे की नाही एवढंच बघितल्यासारखं. माझ्या तोंडात शब्द तयार होते: मी ती दारू जळताना पाहिली, धूर नव्हता. सात-आठ शब्द. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचं घर आलं, रॉसचा ट्रॅक्टर आला, दोन मुलींच्या शाळा आल्या. मी मूग गिळून बसले. मग हात वर झाले आणि मी वहीत माझ्या अक्षरात लिहिलं: ठराव एकमताने मंजूर. एकमताने. क्लॅरीने हात वर केला नव्हता, पण तो तेव्हा दाराबाहेर पोचला होता.

शेड बंद झाली. त्याने हातयंत्र तेल लावून गुंडाळून ठेवलं आणि पुन्हा उघडलं नाही. हे तो सहन करू शकला असता असं मला वाटतं. काडतुसं भरणं शेवटी हौस होती. पण डिसेंबर आला, ट्रकांची रांग लागली, आणि कॉल रॅटिगनने चिठ्ठी हातात घेऊन ती वाचली. मग म्हणाला, "क्लॅरी, पुन्हा एकदा काट्यावर घेऊ का? सहजच."

क्लॅरीने त्याचा ट्रक पुन्हा काट्यावर घेतला. वजन तेच आलं. त्या दिवशी आणखी चौघांनी पुन्हा वजन करायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सात जणांनी. प्रत्येक वेळी तेच वजन. रॉस रांगेत होता, त्याने मला घरी येऊन सांगितलं. म्हणाला, क्लॅरी फक्त दुसरी चिठ्ठी पहिलीच्या खाली टाचून देत होता. मी विचारलं, "तू काय केलंस?" रॉस म्हणाला, "गॉर्डनचा गहू होता. गॉर्डनने सांगितलं होतं, दोनदा करून घे." मी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तो उपाशी झोपला. मला राग कोणाचा होता हे मला पुरतं ठाऊक होतं.

हंगाम संपल्यावर क्लॅरीने काटा सोडला. पुढची अकरा वर्षं तो बागेत गुलाब लावत राहिला. ईनाकडे मी आधीसारखीच दर गुरुवारी चहाला जायचे. तो बाहेरून येऊन हात धुवायचा, "काय मॅव्हिस" म्हणायचा, आणि हवापाण्याचं बोलायचा. मला तर ते 'काय मॅव्हिस' दर आठवड्याला टोचायचं. ओरडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं, पण माझ्या सोयीसाठी त्याने कशाला ओरडावं.

या वर्षी मे महिन्यात तो गेला. हृदय थांबलं, गुलाबांच्या वाफ्यात. चर्च भरलं होतं, आमच्याकडे मेलेल्या माणसावर सगळ्यांचं प्रेम असतं. पाद्री बोलल्यावर गॉर्डन उठला. सत्तरीचा झालाय, अजून ताठ आहे. त्याने तो डावा हात मंचाच्या कडेवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"क्लॅरी माझा मित्र होता," तो म्हणाला. "आमच्यात एक दुर्दैवी गोष्ट घडली, तुम्हाला माहीत आहे. मी त्याला त्याच आठवड्यात माफ केलं होतं, हॉस्पिटलच्या पलंगावरून. एका चुकीवरून माणसाची किंमत करू नये. तो चांगला माणूस होता."

माझ्या पुढच्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. आणि मला कळलं की गॉर्डन खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्याने ती गोष्ट स्वतःला अशीच सांगितली होती, आणि आता ती त्याला तशीच आठवत होती. ईना पहिल्या रांगेत सरळ बसली होती, मान जराही न हलवता.

नंतर हॉलच्या स्वयंपाकघरात मी कप विसळत होते आणि ईना पुसत होती. तिला मी कितीदा बस म्हटलं, ती बसली नाही.

"ईना," मी म्हटलं, "मी बाहेर जाऊन सांगते. आत्ता. सगळे आहेत तोवर. मी पाहिलं होतं म्हणून सांगते."

ईनाने कप पुसून ठेवला, दुसरा घेतला. "रॉसला पेन्शन कधी सुरू झाली?"

"दोन वर्षं झाली."

"आणि गावातलं घर तुमचं स्वतःचं आहे ना आता?"

मी नळ बंद केला.

"सभेच्या दिवशी तो घरी आला," ईना म्हणाली, "तेव्हा मी कोट घालून निघाले होते. तुझ्याकडे यायला. म्हटलं मॅव्हिसला विचारते, तू का नाही बोललीस. त्याने मला दारात अडवलं. म्हणाला, नको विचारूस. ती गॉर्डनच्या घरात राहते. विचारलंस तर तिला नाही म्हणावं लागेल, आणि मग गुरुवारी तुझ्याकडे कोण येणार." तिने फडकं पिळलं. "म्हणून नाही विचारलं. आता तू सांगणार ते कोणासाठी?"

तिच्या आवाजात तिखटपणा नव्हता. तिने कपांचा ट्रे माझ्या हातात दिला. "जा, चहा दे. लोक थांबलेत."

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. दाराशीच गॉर्डन उभा होता, चारपाच जण भोवती, कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. त्याने मला बघितलं, डोळे भरलेले होते, आणि तो उरलेल्या दोन बोटांचा हात कपासाठी पुढे केला. "मॅव्हिस, तू तरी ओळखायचीस त्याला," म्हणाला.

मी म्हटलं, "हो, गॉर्डन." आणि त्याला चहा दिला.